पुतळ्यांच्या माळेतले एक जड नाणे

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका कुटुंबात आजींच्या मागे त्यांच्या दागिन्यांची वाटणी निघाली आणि तीन बहिणींमध्ये पुतळ्यांची माळ कशी वाटायची, या प्रश्नातून हे प्रकरण माझ्याकडे आले. कुटुंबाच्या इच्छेनुसार नाव आणि गाव येथे दिलेले नाही. माळेत 54 पुतळ्या होत्या, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला 18, असा सोपा हिशेब आधीच ठरलेला होता. पण सोनाराच्या तराजूने तो मोडला. 53 पुतळ्या पातळ पत्र्याच्या, ठशात दाबून काढलेल्या, एका बाजूला लक्ष्मी असलेल्या आणि प्रत्येकी जेमतेम पाऊण ग्रॅमच्या होत्या. मधोमध ओवलेली चौपन्नावी पुतळी मात्र कडीसकट 3.580 ग्रॅम भरली आणि तिच्यावर लक्ष्मी नव्हती.

घरात या पुतळीबद्दल एक ठाम समजूत होती. एका बाजूला उभा राम आणि त्याच्यापुढे गुडघा टेकून बसलेला मारुती. दुसऱ्या बाजूला प्रभावळीत उभा असलेला देव आणि त्याच्याभोवती चांदण्या. आजी ही दुसरी बाजू नेहमी छातीकडे ठेवत, असे थोरल्या बहिणीने सांगितले. सोनाराने कडेला कसोटीवर घासून सोने जवळजवळ निर्भेळ असल्याचा निर्वाळा दिला आणि ती पुतळी आटवून तिचे तीन समान भाग करावेत, असे सुचवले. वाटणीच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नव्हता. एका नातेवाइकाने फोनवर छायाचित्र शोधले तेव्हा ते बिझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचे, नाणे असल्याचे उत्तर आले, आणि मग कोट्यवधी रुपयांची भाषा सुरू झाली. थोरल्या बहिणीने पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले.

माझ्या हातात नाणे आले तेव्हा पहिली विनंती मी एवढीच केली की, ते रिठ्याच्या पाण्यात घालू नये आणि पुन्हा उजळू नये. शुद्ध सोने फार मऊ असते. माळेत शेजारच्या पुतळ्यांशी होणारे घर्षण, अंगावरच्या कापडाशी होणारे घर्षण आणि दर काही वर्षांनी सोनाराकडे होणारी उजळणी, या तिन्हींनी मिळून या नाण्याचे चेहरे पुसून टाकले होते. उभ्या आकृतीला डोके होते, पण नाक-डोळे नव्हते. बसलेल्या आकृतीचा गुडघा गुळगुळीत झाला होता. दोघांच्या मधे वरपासून खालपर्यंत एक काठी तेवढी स्पष्ट होती, आणि कडेने अक्षरांचे काही ठिपके व रेघा दिसत होत्या. व्यास कडी सोडून 20.5 मिलिमीटर आणि जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर होती.

चित्राच्या मांडणीवरून घराणे ओळखणे अवघड नव्हते. युरोपातली जी सोन्याची नाणी पश्चिम भारतात आणि दख्खनमध्ये फिरली, त्यांपैकी बहुतेकांवर एकच आकृती किंवा चिन्ह असते. डच डुकाटवर हातात बाणांची जुडी घेतलेला चिलखतधारी योद्धा असतो, फ्लॉरेन्सच्या फ्लोरिनवर लिलीचे फूल असते आणि गोव्यात पोर्तुगीजांनी पाडलेल्या सोन्याच्या सांव तोमेवर संत थॉमस असतो. दोन माणसे, त्यांच्यामधे काठी आणि त्यांतला एक गुडघा टेकलेला, ही मांडणी व्हेनिसच्या डुकाटची आहे. उभा असतो तो व्हेनिसचा संरक्षक संत मार्क आणि गुडघा टेकून त्याच्या हातून निशाण स्वीकारतो तो व्हेनिसचा निवडून आलेला राज्यप्रमुख, म्हणजे डोजे. मधली काठी ही त्या निशाणाची काठी. मागच्या बाजूला बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत, चांदण्यांच्या मधे, येशू ख्रिस्त आशीर्वादाचा हात उचलून उभा असतो. घरच्यांनी राम, मारुती आणि प्रभावळीतला देव पाहिला तो उगाच नव्हे; उभा पूज्य आणि पुढे नमलेला भक्त, हे नाते त्यांनी अचूक वाचले होते, फक्त नावे आपल्या देव्हाऱ्यातली घातली होती.

फोनवरचे उत्तरही अगदी निराधार नव्हते. व्हेनिसने सोन्याचे डुकाट 1284 साली, जोव्हान्नी डांडोलो डोजे असताना, सुरू केले. त्याची मांडणी त्यांच्याच जुन्या चांदीच्या ग्रोसो नाण्यावरून घेतलेली होती आणि ग्रोसोची मांडणी बिझंटाइन नाण्यांच्या वळणाची होती. वंशावळीत दोन पिढ्या मागे जाऊन यंत्राने आजोबांचे नाव सांगितले, एवढाच फरक.

खरे तर पुतळी हा शब्दच या नाण्याची ओळख सांगतो. आपल्याकडे हे नाणे मनुष्याकृतींमुळे पुतळी म्हणून ओळखले जाऊ लागले. पेशवाईच्या हिशेबांत होन आणि मोहोर यांच्या बरोबरीने पुतळी हे सोन्याचे चलन म्हणून येते. पुढे ती नाणी ओवून केलेल्या माळेला पुतळ्यांची माळ म्हणू लागले आणि नाणी मिळेनाशी झाली तेव्हा सोनारांनी त्याच आकाराच्या पत्र्याच्या चकत्या पाडून लक्ष्मीचा ठसा उमटवला. या माळेतल्या 53 पुतळ्या म्हणजे त्या मूळ नाण्याच्या आठवणीवर घडवलेले दागिने होते. मूळ नाणे त्यांच्याच मधोमध बसले होते आणि तेच सर्वांना परके वाटत होते. तमिळ प्रदेशात याच नाण्याला शाणार काशु म्हणत, कारण संताच्या आणि डोजेच्या मधली काठी तिथल्या लोकांना ताडाच्या झाडासारखी आणि आकृती ताडी काढणाऱ्या शाणारासारखी दिसली. एकाच चित्रात प्रत्येक मुलखाने आपल्या ओळखीचे काहीतरी पाहिले आहे.

मात्र घराणे ओळखले म्हणजे नाणे ओळखले, असे होत नाही. या डुकाटच्या नकला पुष्कळ झाल्या. भूमध्य समुद्रात खिओस बेटावरच्या जिनोव्हाच्या लोकांनी केल्या. रोड्स आणि नंतर माल्टा येथे राहिलेल्या संत जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढाऊ पंथाने, त्याच मांडणीची आपली नाणी पाडली. त्यांत संत मार्कऐवजी संत जॉन असतो आणि डोजेऐवजी त्यांचा प्रमुख गुडघा टेकतो. भारतात तर सोनारांनी आणि सराफांनी दागिन्यांसाठी अशा नकला मुबलक केल्या. त्यामुळे प्रश्न असा उरला की, ही पुतळी व्हेनिसच्या टांकसाळीत पडली की आपल्याकडच्या एखाद्या पेठेत. आणि व्हेनिसची असेल तर कोणत्या डोजेच्या काळातली.

धातूची परीक्षा आधी केली, कारण ती सोपी होती. डुकाटचे मूळ वजन साधारण साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सुमारे 29 गुंजा. सोने त्या काळच्या शुद्धीकरणाला जमेल तितके शुद्ध, जवळजवळ 24 कॅरट. झाळलेली कडी काढायची नव्हती, म्हणून तिची तार मोजून तिचे वजन काढले. ते झाळीसकट 0.18 ग्रॅमच्या आसपास आले. म्हणजे नाणे स्वतः 3.40 ग्रॅमचे आणि झिजेत सुमारे दहा शतांश ग्रॅम गेलेले. एवढ्या वापरलेल्या नाण्याला ही घट शोभणारी होती आणि कड कातरल्याच्या खुणाही नव्हत्या. नंतर मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर नाणे दोऱ्याने पाण्यात टांगून वजन केले. पाण्यात ते 0.188 ग्रॅमने हलके झाले, म्हणजे विशिष्ट गुरुत्व, पाण्याच्या किती पट जड ते, 19.04 आले. निर्भेळ सोन्याचे 19.3 असते आणि 22 कॅरटचे भेसळीच्या धातूनुसार साडेसतरा ते अठराच्या दरम्यान. नाणे 22 कॅरटचे असते तर वजनातली घट दोन दशांश ग्रॅमवर गेली असती. कडी आणि झाळ हलक्या सोन्याची असल्याने एकूण आकडा किंचित खाली आला, हे गृहीत धरले तर चकती जवळजवळ शुद्ध सोन्याची ठरते. येथे शेवटच्या आकड्याचे महत्त्व ध्यानात घ्यायला हवे. शतांश ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या साध्या तराजूवर ही चाचणी केली असती, तर उत्तर इतके सैल आले असते की त्यातून काहीच ठरले नसते.

या परीक्षेने समाधान झाले तरी निकाल लागला नाही, हे मला बहिणींना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. दागिन्यासाठी नक्कल करणारा सोनार चांगलेच सोने वापरू शकतो, कारण गिऱ्हाईक सोन्यासाठीच पैसे देते. वजन आणि कस यांवरून नाणे खोट्या धातूचे नाही एवढे कळते. ते कोठे पडले, हे कळत नाही.

ते कळते अक्षरांवरून. आणि येथेच या नाण्याची खरी अडचण आहे. व्हेनिसने या डुकाटची मांडणी 1284 पासून 1797 मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक कोसळेपर्यंत जवळजवळ बदलली नाही. त्यामागे शहाणपण होते. पूर्वेकडच्या बाजारात हे नाणे चित्र पाहून आणि वजन पाहून विश्वासाने घेतले जाई. युरोपातून मिरे आणि मसाल्यांच्या बदल्यात पाठवण्याजोगा माल फारसा नव्हता, त्यामुळे सोन्या-चांदीचा ओघ अलेक्झांड्रिया आणि कैरोमार्गे तांबड्या समुद्राकडे, तिथून जेद्दा आणि मोखा या बंदरांतून सुरतेकडे आणि मलबारकडे वाहत असे. गुजरातेत भडोचला एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या जुन्या नाण्यांच्या ठेव्यात व्हेनिसची डुकाट आणि इजिप्तच्या मामलुक सुलतानांची नाणी एकत्र होती, हा त्या मार्गाचा बोलका पुरावा आहे. असे नाणे बदलले तर सराफ शंका घेणार, म्हणून टांकसाळीने चित्र आणि वजन जपले. सोळाव्या शतकापासून त्याला झेक्किनो म्हणू लागले, ते व्हेनिसच्या झेक्का या टांकसाळीवरून. पण नाव बदलले तरी रूप तेच राहिले. या पाच शतकांत बदलले ते मुख्यतः गुडघा टेकलेल्या माणसाचे नाव. चेहरा झिजला तरी चालते, कारण तो सर्वांचा सारखाच आहे. नाव झिजले की काळ हरवतो.

अक्षरे वाचण्यासाठी मी घासणे, शिसपेन्सिलीने ठसा घेणे किंवा पावडर भरणे, यांतले काहीही केले नाही. अंधाऱ्या खोलीत नाणे स्थिर ठेवून लहान दिवा अगदी कडेने, जवळजवळ आडवा धरला आणि तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत आठ जागांवरून आठ छायाचित्रे घेतली. उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही आणि म्हणून दिसत नाही. दिवा फिरवला की तीच रेघ उठून येते. आठही छायाचित्रांवर पातळ कागद ठेवून जे निःशंक दिसले तेवढेच उतरवले आणि मग आठही कागद एकमेकांवर ठेवले. कल्पनेने अक्षर पुरे करण्याचा मोह फार होतो, म्हणून अर्धवट अक्षर अर्धवटच काढायचे, हा नियम मी काटेकोर पाळला.

मागच्या बाजूने आधी साथ दिली. डुकाटच्या मागच्या बाजूला संक्षेपात लिहिलेले एक लॅटिन वाक्य असते. त्याचा भावार्थ असा: हे ख्रिस्ता, तू ज्यावर राज्य करतोस ते हे ड्यूकचे राज्य तुलाच अर्पण असो. त्यातला शेवटचा शब्द डुकाटुस, आणि त्यावरूनच नाण्याला डुकाट हे नाव पडले. आपल्या नाण्यावर घड्याळाच्या साडेसहा ते नऊच्या दरम्यान ई, जी, आय, एस, मग एक टिंब आणि पुन्हा आय, एस, इतकी अक्षरे ओळीने मिळाली. वाक्यातले रेजिस इस्ते हे शब्द, म्हणजे तू राज्य करतोस ते हे, नेमके याच जागी यायला हवेत. वाक्य वरून सुरू होते आणि संक्षिप्त रूपात त्याची अक्षरे मोजली तर रेजिस बरोबर निम्म्यावर, म्हणजे तळाशी, सुरू होते. अक्षरे बरोबर, क्रम बरोबर, टिंब शब्दांच्या मधे आणि जागाही बरोबर.

भारतीय नक्कल येथे टिकत नाही. लॅटिन न येणारा कारागीर अक्षरांकडे नक्षी म्हणून पाहतो. त्याच्या हातून उभ्या दांड्यांची रांग, वर्तुळे, उलटी अक्षरे आणि मधेच सोडलेले शब्द उमटतात. त्याच्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही, पण त्याच्या रांगेत शब्दांमधले टिंब योग्य जागी पडण्याची शक्यता फारच कमी. माल्टाच्या सरदारांच्या नाण्यांवर हे वाक्यच नसते. शत्रूंविरुद्ध बळ दे, अशी प्रार्थना असते. या सहा अक्षरांवर मी नाणे व्हेनिसचे असल्याचे मान्य केले.

डोजेच्या नावाने मात्र मला आठवडाभर फसवले. उजव्या कडेला, डोजेच्या पाठीमागून खाली उतरणाऱ्या ओळीत, मला ई आणि एन स्पष्ट दिसले आणि त्यांच्या आधीचे अक्षर व्ही असल्यासारखे वाटले. व्ही, ई, एन म्हटल्यावर व्हेनियर हे घराणे मनात आले आणि त्यातही सेबास्तियानो व्हेनियर, 1571 च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत व्हेनिसच्या ताफ्याचा सेनापती, जो 1577-78 मध्ये डोजे झाला. लेपांतोच्या सेनानीचे नाणे आजींच्या माळेत, ही कल्पना इतकी सुंदर होती की मी ती बहिणींना सांगूनही टाकली. ते मी करायला नको होते. वाचन पक्के होण्याआधी सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात रुजते आणि नंतर उपटताना दोघांनाही त्रास होतो.

चूक दाखवली ती जागेने. सेबास्तियानोचे नाव संक्षेपात असते, त्यामुळे व्हेनियरमधले व्ही, ई, एन ओळीच्या मधोमध, घड्याळाच्या तीनच्या आसपास पडायला हवेत आणि त्यांच्यानंतर आणखी तीन-चार अक्षरांना जागा हवी. आपल्या नाण्यावर ई आणि एन पाचच्या जवळ, डोजेच्या टाचेपाशी होते आणि एननंतर एका टिंबापलीकडे जागाच उरत नव्हती. म्हणजे ही अक्षरे नावाच्या शेवटी येत होती. दिवा डाव्या बाजूला धरून घेतलेली छायाचित्रे पुन्हा पाहिली तेव्हा ज्याला मी व्ही समजत होतो त्या खुणेची वरची बाजू वळलेली दिसली. ते झिजलेले सी होते. सी, ई, एन शेवटी असलेले डोजेचे नाव म्हणजे मोचेनिगो, संक्षेपात मोचेन. मग दोनच्या थोडे पुढे, वाय अक्षराची फाटलेली वरची टोके दिसली. एरवी तो ओरखडा म्हणून मी सोडून दिला असता.

मोचेनिगो घराण्याने व्हेनिसला सात डोजे दिले. त्यांतले तोम्मासो, पिएत्रो आणि जोव्हान्नी हे पंधराव्या शतकातले. त्यांच्या पहिल्या नावाच्या शेवटी वाय येण्याचा प्रश्न नाही. उरलेले चौघेही आल्व्हिसे नावाचे, आणि नाण्यावर ते नाव आलोय असे संक्षेपाने येते. वाय नेमके त्या चौथ्या अक्षराच्या जागी होते. हे चौघे म्हणजे पहिला आल्व्हिसे 1570 ते 1577, दुसरा 1700 ते 1709, तिसरा 1722 ते 1732 आणि चौथा 1763 ते 1778. लेपांतोची लढाई झाली तेव्हा डोजे होता तो यांतला पहिला, हे लक्षात आल्यावर धाकट्या बहिणीने आशेने माझ्याकडे पाहिले. पण आकृत्यांची घडण त्या बाजूने बोलत नव्हती. संताचे शरीर ओढून लांब केलेले होते, डोजेच्या झग्याच्या घड्या सरळ समांतर रेघांवर आलेल्या होत्या आणि एकंदर काम घाईचे, ताठर होते. संग्रहालयांच्या सूचींतल्या छायाचित्रांशी ताडून पाहता हे रूप अठराव्या शतकातल्या झेक्किनोंशी जुळत होते. दुसरा, तिसरा आणि चौथा यांच्यात निवड करण्यास लागणारा तपशील झिजेने नेला आहे, म्हणून मी तिघांपाशीच थांबलो.

किमतीचा प्रश्न लवकर मिटला. अठराव्या शतकातले झेक्किनो दुर्मीळ नाही. कडी झाळलेले आणि झिजलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने आणखी उतरते आणि त्याला सोन्याच्या भावापेक्षा थोडेच अधिक मिळते. कोट्यवधींची भाषा त्या दिवशीच संपली. कायद्याची बाजूही सांगितली. नाणे शंभर वर्षांहून जुने असल्याने 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ते पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. धाकटी बहीण परदेशात राहते, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग होते. ते जमिनीत सापडलेले नसून वारशाने आलेले असल्यामुळे गुप्तधनाचा 1878 चा कायदा येथे लागू होत नाही.

कडी काढून नाणे मूळ रूपात आणावे का, असे मधल्या बहिणीने विचारले. मी नको म्हटले. झाळ सोडवताना लागणारी आच उरलेल्या अक्षरांना मारू शकते. शिवाय ती कडीच या नाण्याचा निम्मा इतिहास आहे. सुरतेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या बंदराच्या सराफापासून ते आजींच्या गळ्यापर्यंतच्या प्रवासाची तेवढीच एक खूण त्याच्यावर शिल्लक आहे.

वाटणी शेवटी अशी झाली. दोघी धाकट्यांनी प्रत्येकी 18 पुतळ्या घेतल्या. थोरलीने 17 आणि हे नाणे घेतले आणि वजनातला फरक त्या दिवसाच्या भावाने रोख देऊन भागवला. नाणे आता रेशमी गोफातून काढून मऊ कापडाच्या पिशवीत वेगळे ठेवले आहे. पिशवीत आठ छायाचित्रे, वजनांची नोंद आणि थोरल्या बहिणीच्या अक्षरातली एक चिठ्ठी आहे: आजींची मधली पुतळी. व्हेनिस, डोजे आल्व्हिसे मोचेनिगो, दुसरा, तिसरा किंवा चौथा. आजी याला राम-मारुती म्हणत. उजळू नये.